राजांची थडगी खोदणाऱ्यांचे गाव

इ.स.पू. ११५७ च्या सुमारास, रामसेस तिसऱ्याच्या कारकिर्दीच्या २९व्या वर्षी, इजिप्तमधील थीब्ज नगरीसमोरच्या उजाड डोंगरात कारागिरांच्या एका टोळीने हत्यारे खाली ठेवली. राजांच्या दफनभूमीभोवतीच्या पाच चौक्या ओलांडून ही माणसे पायथ्याशी उतरली आणि थुटमोस तिसऱ्याच्या स्मारक-मंदिरामागे जाऊन बसली. अठरा दिवस उलटले, धान्य आलेले नाही, आम्ही उपाशी आहोत, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

लेखी पुरावा उपलब्ध असलेला जगातील सर्वांत जुना संप म्हणून या घटनेची नोंद होते. संप करणारे कोण होते, हे कळले म्हणजे तिचे नवल आणखी वाढते. ज्या राजाला प्रजा देव मानत होती, त्याच राजाचे थडगे ते खोदत होते.

प्राचीन इजिप्त म्हटले की डोळ्यांपुढे चित्रपटातले दृश्य उभे राहते : उघड्या अंगाचे गुलाम, पाठीवर चाबूक, मागे पिरॅमिड. या चित्राचा थीब्जच्या कारागिरांशी काडीमात्र संबंध नाही. त्यांना ठरलेला पगार होता, सुट्ट्या होत्या, स्वतःची न्यायसभा होती, आणि मुख्य म्हणजे त्यांच्यापैकी अनेकांना लिहिता येत होते. आजचा धागा त्यांच्या गावाविषयी.

या गावाचे आजचे नाव देर एल-मदीना. नाईलच्या पश्चिम तीरावर, राजांची दरी आणि राण्यांची दरी यांच्या मधोमध, डोंगराच्या एका खोलगट कुशीत ते वसलेले होते. तिथे राहणारे त्याला नुसते ‘गाव’ म्हणत. सरकारदरबारी मात्र कारागिरांची पदवी ‘सत्यस्थळाचे सेवक’ अशी भारदस्त होती. गावाच्या सर्वांत जुन्या तटाच्या विटांवर थुटमोस पहिल्याचा शिक्का सापडतो, म्हणजे त्याचा आरंभ इ.स.पू. १५०० च्या आसपास जातो. गावकरी मात्र आपले आद्य पालक म्हणून त्याच्या आधीचा राजा आमेनहोतेप पहिला आणि त्याची आई आहमोस-नेफरतारी यांची पूजा करीत. रामसेस राजांच्या काळात तटाच्या आत सुमारे ६८ घरे होती. अरुंद रस्ता आणि दोन्ही बाजूंना एकमेकांना चिकटलेली घरे, अशी ही वस्ती.

तिथे पाणी नव्हते. विहीर नाही, शेत नाही, झाड नाही. पाण्याचा प्रत्येक घडा गाढवाच्या पाठीवरून खालच्या खोऱ्यातून वर येई. पाणके, कोळी, लाकूडतोडे, माळी, कुंभार, इतकेच नव्हे तर परीटसुद्धा सरकारने नेमून दिलेले होते. कोणत्या घरातून किती वस्त्रे धुवायला गेली, याच्या याद्या आजही उपलब्ध आहेत. या व्यवस्थेत जितकी सोय होती तितकीच परावलंबनाची मेख होती. पुरवठा थांबला तर गावाला दुसरा आधार नव्हता.

पगार धान्यात मिळे. साध्या कारागिराला दरमहा ४ खार गहू आणि दीड खार जव. टोळीच्या नायकाला मिळून साडेसात खार. एक खार म्हणजे सुमारे ७७ लिटर मापाचे पोते. म्हणजे साध्या कारागिराच्या घरी महिन्याला सव्वाचारशे लिटरच्या आसपास धान्य येई. गव्हाची भाकरी आणि जवाची बिअर, हे इजिप्तमधील थोरामोठ्यांपासून गोरगरिबांपर्यंत सर्वांचे नित्याचे अन्न. हा गहू म्हणजे आपल्याकडचा खपली गहू. महाराष्ट्रात ज्याच्या पिठाची पोळी आणि सोजीची खीर होते, तेच धान्य राजांची दरी कोरणाऱ्यांचे वेतन होते. नाणे तेव्हा जन्माला आले नव्हते. वस्तूंची किंमत ‘देबेन’ या तांब्याच्या वजनात सांगत, आणि एक देबेन सुमारे ९१ ग्रॅम भरे. साध्या लाकडी शवपेटीला २० ते ४० देबेन पडत. सरकारी कामातून उरलेल्या वेळात कारागीर अशा पेट्या रंगवून वरकमाई करीत. स्वतःची थडगीही ते स्वतःच कोरीत आणि सजवीत, आणि त्यांतल्या काहींचे रंग आजही कालपरवा दिल्यासारखे वाटतात.

आठवडा दहा दिवसांचा असे. आठ दिवस काम, दोन दिवस विसावा. कामाच्या दिवसांत माणसे रोज घरी न परतता डोंगरमाथ्यावरच्या दगडी खोपटांत मुक्काम करीत. टोळीचे जहाजाच्या खलाश्यांप्रमाणे ‘उजवी बाजू’ आणि ‘डावी बाजू’ असे दोन भाग होते. प्रत्येकाचा एक नायक, आणि दोघांच्या कामाची टिपणे ठेवणारा एक लेखनिक.

या टिपणांतील सर्वांत बोलकी नोंद सध्या लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. रामसेस दुसऱ्याच्या ४०व्या वर्षातील हा हजेरीपट चुनखडीच्या एका मोठ्या कपचीवर लिहिलेला आहे. त्यात ४० कारागिरांची नावे, २८० दिवसांचा कालावधी, गैरहजेरीच्या तारखा, आणि प्रत्येक तारखेच्या वर तांबड्या शाईने कारण. आजारी. डोळे आले. विंचू चावला. आईच्या मृतदेहाला पट्ट्या गुंडाळत होता. बिअर गाळत होता. एक जण वारंवार गैरहजर, कारण तो इतरांसाठी औषधे तयार करीत होता. गावाचा वैद्य तोच असावा. काही ठिकाणी घरातील पत्नीची किंवा मुलीची मासिक पाळी हेही कारण नोंदवलेले आहे. तीन सहस्रकांपूर्वीच्या पुरुषाने हे कारण संकोच न करता कचेरीत सांगावे आणि लेखनिकाने ते तितक्याच सहजतेने टिपून ठेवावे, यातून त्या समाजाविषयी जे कळते ते मोठमोठ्या मंदिरांच्या भिंतींवरून कळत नाही.

हे सारे टिकले ते कचऱ्यामुळे. पपायरस महाग, म्हणून रोजचे लिखाण चुनखडीच्या कपच्यांवर आणि फुटक्या मडक्यांच्या खापऱ्यांवर होई, आणि काम झाले की फेकले जाई. गावाच्या उत्तरेस पाण्याच्या आशेने खोदलेला सुमारे ५० मीटर खोल खड्डा आहे. पाणी काही लागले नाही, आणि पुढे तो कचऱ्याने भरला. फ्रेंच पुरातत्त्वज्ञ बर्नार ब्रुयेर यांनी १९२२ पासून पुढची जवळजवळ तीन दशके या गावाचे उत्खनन केले, तेव्हा या खड्ड्यातून लिहिलेल्या हजारो खापऱ्या निघाल्या. त्या वाचण्यात चेक विद्वान यारोस्लाव चेर्नी यांनी आयुष्य वेचले. पाण्यासाठी खणलेल्या खड्ड्याने अखेर गावाचे बोलणे दिले.

त्या बोलण्यात तक्रारी फार. केनहेरखेपेशेफ नावाचा एक बडा लेखनिक होता. त्याचे हस्ताक्षर इतके वाईट की आजचे अभ्यासक ते पाहताच ओळखतात आणि कपाळाला हात लावतात. एका चित्रकाराने त्याला खरमरीत पत्र धाडले. त्याचा आशय असा की मी तुम्हाला गाढवासारखा आहे; ओझे वाहायचे असले की माझी आठवण होते, आणि बिअरचे घडे फुटतात तेव्हा मला कोणी बोलावीत नाही. हाताखालच्या माणसाने वरिष्ठाला हे लेखी कळवावे, आणि त्यानंतरही गावात राहावे, ही साधी गोष्ट नव्हे.

याच केनहेरखेपेशेफच्या संग्रहात स्वप्नांचा अर्थ सांगणारा एक पपायरस होता. स्वप्नात मोठे मांजर दिसले तर शुभ, पीक भरघोस येईल. आरशात स्वतःचे तोंड दिसले तर अशुभ, दुसरी बायको येईल. खिडकीतून बाहेर पाहताना दिसलो तर शुभ, गाऱ्हाणे देवाच्या कानी पोहोचेल. त्याने या पपायरसच्या मागच्या बाजूवर कादेशच्या लढाईचे काव्य स्वतःच्या त्या दिव्य अक्षरात उतरवून काढले आहे.

घराच्या पहिल्या खोलीत विटांचा एक चौथरा असे. त्यावर बाळंतिणीचे आणि तान्ह्या मुलांचे रक्षण करणाऱ्या बेस या बुटक्या, जीभ बाहेर काढलेल्या देवाचे चित्र अनेक घरांत आढळते. भिंतीतील कोनाड्यांत दिवंगत पूर्वजांचे लहान अर्धपुतळे ठेवीत. मेलेला माणूस घरातून जात नसे. तो कृपाही करी आणि कोपही. कार्नाकच्या आमुन देवाचे मंदिर नदीपलीकडे होते, आणि त्याच्या गाभाऱ्यात सामान्यांना प्रवेश नव्हता. गावाचा खरा भरवसा डोंगरावर होता. गावामागच्या निसर्गनिर्मित पिरॅमिडसारख्या शिखरात मेरेतसेगेर नावाची नागरूप देवी वास करते, अशी श्रद्धा होती. तिच्या नावाचा अर्थ ‘शांततेवर प्रेम करणारी’.

नेफरआबू नावाच्या कारागिराने तिच्यासाठी कोरलेली शिळा इटलीतील तुरिनच्या संग्रहालयात आहे. आपण अज्ञानी होतो, बऱ्यावाईटाची जाण नव्हती, शिखराचा अपराध केला आणि तिने शिक्षा केली, असे तो सांगतो. श्वास कोंडल्याच्या यातना भोगल्यावर तिला शरण गेलो आणि ती गार वाऱ्यासारखी आली, असेही सांगतो. याच माणसाची दुसरी शिळा प्ताह देवाची क्षमा मागणारी आहे. त्याने देवाची खोटी शपथ घेतली होती आणि देवाने त्याला भर दिवसा अंधार दाखवला. डोळे अधू होणे हे अंधाऱ्या भुयारात, तेलाच्या दिव्यावर, दगडाच्या धुरळ्यात राबणाऱ्यांचे दुखणेच होते. हजेरीपटात ते रजेचे कारण म्हणून येते, आणि शिळेवर पापाचे फळ म्हणून. एकच माणूस दोन्ही गोष्टी मानू शकत होता.

श्रद्धा आणि न्याय यांच्यातही भिंत नव्हती. आमेनहोतेप पहिल्याची मूर्ती उत्सवात पालखीतून निघे. पालखीला खांदा देणारे पुजारी म्हणजे गावातलेच कारागीर. प्रश्न विचारला की मूर्ती पुढे सरकली तर होकार, मागे हटली तर नकार. काहा नावाच्या कारागिराची दोन वस्त्रे चोरीला गेली, तेव्हा त्याने असाच देवाचा कौल मागितला. मूर्तीपुढे गावातील घरांची नावे वाचली गेली. लेखनिक अमेननख्तच्या घराशी येताच देवाने होकार दिला आणि वस्त्रे त्याच्या मुलीकडे असल्याचे सांगितले. पालखीचे खांदेकरी शेजारीपाजारीच होते. गावाला जे आधीपासून ठाऊक असते पण तोंडावर बोलता येत नाही, ते बोलण्याची जबाबदारी अशा वेळी देवावर टाकता येत असावी.

देवाखेरीज गावाची न्यायसभाही होती. नायक, लेखनिक आणि जाणते कारागीर तिच्यात बसत. मेन्ना नावाच्या कारागिराने रामसेस तिसऱ्याच्या १७व्या वर्षी मेन्तमोस या पोलीस प्रमुखाला चरबीचा एक घडा उधार दिला. किंमत जवात चुकवायची असे ठरले. मेन्नाने या सभेपुढे तीनदा फिर्याद नेली, तरी जव आले नाहीत. रामसेस तिसरा वारला, रामसेस चौथा गादीवर आला, आणि त्याच्या तिसऱ्या वर्षी मेन्नाची फिर्याद पुन्हा उभी राहिली. अमुक तारखेपर्यंत न दिल्यास शंभर फटके आणि दुप्पट भरपाई, अशी शपथ पोलीस प्रमुखाने घेतली. न्याय तेव्हाही दिरंगाईचाच होता. पण एक दगडफोड्या पोलीस प्रमुखाला सभेपुढे उभा करू शकत होता आणि एका घड्यासाठी त्याचा पिच्छा सोडत नव्हता.

आता पुन्हा त्या २९व्या वर्षाकडे.

संपाची हकीकत तुरिन येथील एका पपायरसमध्ये आहे, आणि ती लिहिणारा होता इपुयचा मुलगा अमेननख्त, दफनभूमीचा अधिकृत लेखनिक. धान्य रखडण्याचे प्रकार संपाच्या काही महिने आधीच सुरू झाले होते. तेव्हा याच अमेननख्तने होरेमहेबच्या मंदिरातून ४६ पोती गहू आणवून वेळ निभावली होती. पुढच्या वेळी माणसे थांबली नाहीत. पहिला दिवस थुटमोसच्या मंदिरामागे गेला. दुसऱ्या दिवशी ती रामसेस दुसऱ्याच्या विशाल स्मारक-मंदिराच्या दारी पोहोचली, आणि तिसऱ्या दिवशी आत शिरली. जागा विचारपूर्वक निवडली होती. अशा मंदिरांची कोठारे म्हणजेच राज्याची धान्यागारे.

तिथल्या पुजाऱ्यांपुढे त्यांनी जे मांडले त्यात याचना नव्हती. भूक आणि तहान यांमुळे आलो आहोत; वस्त्र नाही, तेल नाही, मासळी नाही, भाजी नाही; आमचे धनी असलेल्या फेरोला कळवा, वजिराला लिहा. ‘लिहा’ हा त्यांचा आग्रह फार महत्त्वाचा आहे. कागदावर चढलेली तक्रार बुडवता येत नाही, हे त्यांना स्वतःच्या गावच्या रोजच्या व्यवहारातून पक्के ठाऊक होते. मागच्या महिन्याचे थकलेले धान्य मिळाले.

या धामधुमीत एक पोलीस प्रमुख संपकऱ्यांना चक्क सल्ला देताना दिसतो : हत्यारे गोळा करा, घरांना कुलपे लावा, बायकामुलांना घेऊन या, मी स्वतः तुम्हाला सेती पहिल्याच्या मंदिराशी नेऊन बसवतो. त्याचे नाव मेन्तमोस. चरबीचे देणे थकवणाऱ्याचेही नाव हेच आणि हुद्दाही हाच.

अमेननख्तची भूमिका इतकी सरळ नाही. तो त्यांच्यातला होता आणि सरकारचाही होता. पुढे अर्धेच धान्य आले आणि चिडलेली माणसे थेट नदीकाठच्या धक्क्याकडे निघाली. तेव्हा त्याने त्यांना बजावले की गेलात तर कोणत्याही न्यायालयात तुम्ही दोषी ठराल, असे मी पाहीन. आणि तो त्यांना परत घेऊन आला. आणि तरीही सारे लिहून ठेवले त्यानेच.

एव्हाना तक्रारीचे स्वरूप पालटले होते. एका फेरीत ते स्पष्ट सांगतात की आम्ही या वेळी केवळ भुकेसाठी चौक्या ओलांडलेल्या नाहीत, राजाच्या या जागी दुष्कृत्ये घडत आहेत. यामागे ‘मात’ ही कल्पना उभी आहे. मात म्हणजे सत्य, समतोल, सृष्टीची योग्य घडी. ती राखणे हे राजाचे कर्तव्य, आणि राबणाऱ्याला त्याचे धान्य मिळणे हा त्या घडीचाच भाग. संपकरी राजाविरुद्ध उठलेले नव्हते. राजाने ज्याची ग्वाही दिली होती, त्याची ते राजाच्या अधिकाऱ्यांकडून वसुली करीत होते. वजीर ता याने त्या सुमारास राजाच्या तिसाव्या वर्षाच्या महोत्सवासाठी दक्षिणेकडील देवमूर्ती जमवण्याची मोहीम चालवली होती. त्याने निरोप पाठवला की कोठारातच काही नाही, तरी जे सापडले ते देतो. महोत्सवाला मूर्ती मिळाल्या, मजुरांना अर्धे पोट.

या गावाला आदर्श ठरवण्याचा मोह इथे आवरलेला बरा. गावाला सरकारकडून गुलाम स्त्रिया मिळत. त्यांचे काम धान्य दळण्याचे, आणि त्यांच्या श्रमाचे दिवस घराघरांत वाटून दिलेले असत. संपकऱ्यांच्या मागण्या त्यांच्या लेखनिकाने टिपल्या. या जात्यावरच्या स्त्रियांना काय म्हणायचे होते, ते कोणीही टिपले नाही.

गावातील स्वतंत्र स्त्रीचे स्थान वेगळे होते. संपानंतर दहा-बारा वर्षांनी, रामसेस पाचव्याच्या तिसऱ्या वर्षी, नौनख्त नावाची वृद्धा न्यायसभेपुढे उभी राहिली. चौदा साक्षीदारांच्या त्या सभेत अमेननख्तही होता. नौनख्तचा पहिला नवरा म्हणजे तोच वाईट अक्षराचा केनहेरखेपेशेफ, तिच्याहून वयाने कितीतरी मोठा. त्याच्यापासून मूल झाले नाही. दुसरा नवरा खाएमनून हा साधा कारागीर, आणि त्याच्यापासून आठ मुले. मी फेरोच्या भूमीतील स्वतंत्र स्त्री आहे, असे सांगून तिने आपले म्हणणे मांडले. या आठांना वाढवले, संसार थाटायला जे लागते ते दिले, आता म्हातारी झाले तर यांतले काही माझ्याकडे पाहत नाहीत. ज्याने हात दिला त्याला माझे धन, ज्याने दिला नाही त्याला नाही.

आणि तिने खरोखरच काही मुलांना वगळले. पहिल्या नवऱ्याकडून आलेले, स्वतःच्या वडिलांकडून आलेले, आणि दुसऱ्या संसारातील कायद्याने तिच्या वाट्याचा एक तृतीयांश, एवढ्यावर तिचा अधिकार निर्विवाद होता. नवऱ्याच्या दोन तृतीयांशाला तिने हात लावला नाही. पहिल्या नवऱ्याचेच नाव दिलेल्या मुलाला तिने धातूचे एक घंगाळ जादा दिले. नंतर दुसरा नवरा आणि मुले पुन्हा सभेपुढे आली आणि हे मृत्युपत्र पाळू असे त्यांनी कबूल केले. त्या वेळी घंगाळाचा विषय आवर्जून निघाला. आठ भावंडांच्या घरात घंगाळाचे काय महाभारत घडले असेल, ते सांगायला नको.

पुढची कथा उताराची आहे. धान्याचे भाव कित्येक पटींनी चढले, पगार रखडणे नित्याचे झाले, वाळवंटाकडून लिबियन टोळ्यांचे भय वाढले. रामसेस नवव्याच्या काळात थडगी फोडल्याचे मोठे खटले चालले, आणि आरोपींत या गावचे लोकही होते. ज्यांना आतल्या वाटा ठाऊक होत्या, त्यांचीही चूल विझत चालली होती. विसाव्या राजवंशाच्या अखेरीस गावकऱ्यांनी घरे सोडली आणि रामसेस तिसऱ्याच्या मेदिनेत हाबू येथील मंदिराच्या तटामागे आसरा घेतला.

अमेननख्तच्या घराण्यात लेखनिकाचे पद वंशपरंपरेने चालत आले होते. त्याचा खापरपणतू बुतेहआमून हा त्या उखडलेल्या समाजाचा लेखनिक. सेनापती पिआंखने त्याला पत्राने हुकूम दिला की पूर्वजांच्या थडग्यांपैकी एक उघड आणि मी येईपर्यंत त्याची मोहर सांभाळ. शतकानुशतके जी थडगी या लोकांनी कोरली आणि राखली, ती आता सरकारी आज्ञेने एकेक करून उघडली जाऊ लागली. राजांची शवे बाहेर काढली गेली, त्यांच्याबरोबरची मौल्यवान दौलत राज्याच्या तिजोरीकडे वळली, आणि शवांना नव्या पट्ट्या गुंडाळून ती गुप्त जागी हलवण्यात आली.

त्यांतील एका शवाच्या पट्टीवर शाईने टीप आहे. महापुजारी पिनेजेमच्या आदेशावरून, १३व्या वर्षी, या राजाच्या देहाची पुन्हा विधिवत व्यवस्था करण्याचे काम ज्यांच्याकडे सोपवले, त्यांच्यात सत्यस्थळाचा लेखनिक बुतेहआमून याचे नाव आहे. ते शव रामसेस तिसऱ्याचे आहे.